विद्युत अपघटन पाठ करू नका, बशीत करून बघा

विद्युत अपघटनाचा, म्हणजे करंट सोडून पदार्थ फोडायचा, टॉपिक आला की पोरं काय करतात, तीन-चार रिॲक्शन पाठ करतात, आकृती काढायची प्रॅक्टिस करतात आणि पुढे जातात. मग मिठाच्या पाण्यात करंट सोडला तर सोडियम का नाही मिळत असं विचारलं की सगळे वर पंख्याकडे बघायला लागतात. खरं तर या अख्ख्या टॉपिकमधे प्रश्न एकच आहे, फक्त तो दोनदा विचारायचा. ऋणाग्रापाशी (बॅटरी इलेक्ट्रॉन ढकलते ती कांडी) कोण कोण हजर आहे आणि त्यातलं सगळ्यात सहज इलेक्ट्रॉन कोण घेईल? धनाग्रापाशी (बॅटरी इलेक्ट्रॉन ओढून घेते ती कांडी) कोण कोण हजर आहे आणि त्यातलं सगळ्यात सहज इलेक्ट्रॉन कोण सोडेल? बस. धनाग्रापाशी हजेरी घेताना खुद्द धनाग्राची कांडी पण मोजायची, ही गोष्ट बहुतेकांची सुटते आणि तांब्याच्या गणितात तिथेच घोळ होतो.

खाली घरी करता येतील असे चार प्रयोग देतोय, प्रत्येकात हाच प्रश्न विचारत जायचं. नववी ते बारावी कुणालाही चालेल. बारावीवाल्यांनी आकडेमोडीचा भाग जरा नीट वाचा.

आधी थोडं बेसिक

कोरडं मीठ करंट वाहून नेत नाही, कारण त्यातले सोडियम आणि क्लोराइड आयन (विद्युतप्रभार असलेले कण) जागच्या जागी जखडलेले असतात. पाण्यात विरघळवलं किंवा वितळवलं की ते सुटतात. आता बॅटरी काय करते, एका कांडीतून इलेक्ट्रॉन ओढून घेते आणि दुसऱ्या कांडीत ढकलते. जिच्यात ढकलते ती ऋणाग्र, जिच्यातून ओढते ती धनाग्र. धन आयन ऋणाग्राकडे जातात, ऋण आयन धनाग्राकडे.

इथे एक गैरसमज काढून टाका, इलेक्ट्रॉन पाण्यातून पोहत पलीकडे जात नाहीत. तारेत इलेक्ट्रॉन फिरतात, द्रावणात आयन फिरतात, आणि दोघांची देवाणघेवाण फक्त कांडीच्या पृष्ठभागावर होते. म्हणून बुडबुडे नेहमी कांडीला चिकटलेले दिसतात, मधल्या पाण्यात कधीच नाही.

ऋणाग्रावर इलेक्ट्रॉन घेतले जातात म्हणजे क्षपण, धनाग्रावर सोडले जातात म्हणजे ऑक्सिडीकरण. दोन्ही एकाच वेळी आणि इलेक्ट्रॉनचा हिशोब दोन्हीकडे सारखाच, हे वाक्य लक्षात ठेवा, पुढची सगळी गणितं यावरच आहेत.

सामान

९ व्होल्टची चौकोनी बॅटरी, आणि दीड व्होल्टचे साधे सेल दोन. दोन वायर, दोन्ही टोकांना क्रोकोडाइल क्लिप असलेल्या, इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानात मिळतात. कांड्यांसाठी पेन्सिल दोन्ही बाजूंनी टोक करून घ्यायची, आतलं शिसं म्हणजे ग्रॅफाइट आणि मातीचं मिश्रण, करंट बऱ्यापैकी वाहतं. पेन्सिल जितकी आखूड तितका करंट जास्त, म्हणून नवीकोरी लांब पेन्सिल घेऊ नका, संपत आलेले तुकडे घ्या. जुन्या टॉर्चच्या सेलमधली काळी कांडी यापेक्षा भारी चालते हे खरं, पण सेल फोडायचं काम मोठ्या माणसाकडून करून घ्या, आणि ते फक्त साध्या झिंक-कार्बन सेलचं. अल्कलाइन सेलमधे ती कांडी नसतेच, आणि लिथियमच्या बॅटरीला तर हात लावायचा नाही.

मॅग्नेशियम सल्फेट आणि मोरचूद (म्हणजे कॉपर सल्फेट) दोन्ही कृषी सेवा केंद्रात मिळतं. कोकणात सुपारीवाल्यांकडे आणि नाशिक-सांगलीत द्राक्षवाल्यांकडे बोर्डो मिश्रणासाठी (बुरशीवर फवारायचं औषध) मोरचूद असतंच, त्यातलं चमचाभर मागून घेतलं तरी झालं. धुण्याचा सोडा किराणा दुकानात. मल्टिमीटर असेल तर उत्तम. करंट मोजताना तो सर्किटच्या मधे, एकसरीत जोडायचा, बॅटरीच्या दोन टोकांना थेट लावलात तर आतला फ्यूज उडालाच समजा.

आणि भिंतीतल्या प्लगचा करंट वापरायचा नाही. मिठाच्या पाण्यातून २३० व्होल्ट सोडून बल्ब लावून दाखवणारे व्हिडिओ बघितले असतील, ते करायचं नाही, त्यात जीव जाऊ शकतो. तसाही तो करंट सेकंदाला ५० वेळा पुढे-मागे होतो, त्यामुळे कोणती कांडी धनाग्र आणि कोणती ऋणाग्र याला काही अर्थच उरत नाही.

प्रयोग पहिला: जास्वंदीचं पाणी

हा माझा सगळ्यात आवडता, कारण यात वायू पकडायची कटकट नाही आणि जे घडतंय ते रंगाने दिसतं. लाल जास्वंदीच्या तीन-चार फुलांच्या पाकळ्या गरम पाण्यात टाकून झाकून ठेवा, पाणी जांभळट झालं की गाळा. गार झाल्यावर त्यात चमचाभर मॅग्नेशियम सल्फेट विरघळवा. पांढरी चिनी मातीची बशी घ्या (स्टीलची नको, करंट ताटलीतूनच जाईल), त्यात हे पाणी ओता, दोन पेन्सिलींची टोकं दोन कडांना बुडवा, दुसऱ्या टोकांना क्लिप लावून ९ व्होल्टची बॅटरी जोडा.

पहिल्या मिनिटातच ऋणाग्राच्या टोकापाशी हिरवा ढग दिसायला लागतो, आणि तिथूनच बारीक बुडबुड्यांची रांग उठते. नीट बघितलं तर त्या हिरव्यात पांढरट गढूळपणा पण असतो. धनाग्रापाशी गुलाबी-लाल. मधलं पाणी आहे तसंच जांभळट. बशी न हलवता पाच-सात मिनिटं ठेवली तर दोन्ही रंग मधे सरकत येतात.

आता हजेरी घ्या. ऋणाग्रापाशी कोण आहे, मॅग्नेशियम आयन आणि पाणी. मॅग्नेशियम हा खूप क्रियाशील धातू, एकदा दिलेले इलेक्ट्रॉन तो परत घ्यायला तयार नसतो. मग पाणी घेतं:

२ पाणी + २ इलेक्ट्रॉन → १ हायड्रोजन वायू + २ हायड्रॉक्साइड आयन

हायड्रॉक्साइड तयार झालं म्हणजे आम्लारी, म्हणून जास्वंद हिरवी. त्यातलं थोडं हायड्रॉक्साइड मॅग्नेशियमला धरतं आणि मॅग्नेशियम हायड्रॉक्साइडचा पांढरा साका होतो, तोच तो गढूळपणा.

धनाग्रापाशी सल्फेट आणि पाणी. सल्फेट इलेक्ट्रॉन सोडायला अजिबात राजी नाही, परत पाण्यावरच येतं:

२ पाणी → १ ऑक्सिजन वायू + ४ हायड्रोजन आयन + ४ इलेक्ट्रॉन

हायड्रोजन आयन म्हणजे आम्ल, म्हणून गुलाबी. म्हणजे बघा, टाकलं मॅग्नेशियम सल्फेट, पण तुटलं पाणी. मॅग्नेशियम सल्फेट फक्त करंट वाहून न्यायला होतं.

शेवटी बॅटरी काढा आणि चमच्याने सगळं ढवळा. हिरवं आणि गुलाबी दोन्ही जातं आणि पाणी जवळजवळ पहिल्यासारखं जांभळट होतं. जितकं हायड्रॉक्साइड तिकडे झालं तितकेच हायड्रोजन आयन इकडे झाले होते, एकत्र आले की पाणी. इलेक्ट्रॉनचा हिशोब दोन्हीकडे सारखा म्हणतात तो हा, डोळ्यांनी बघायला मिळतो.

प्रयोग दुसरा: वायू मोजायचे

१८०० साली व्होल्टाच्या बॅटरीची बातमी लंडनला पोचली आणि त्याच वर्षी निकोल्सन आणि कार्लाइल या दोघांनी तिच्यावर पाणी फोडून दाखवलं. तेच आपण प्लॅस्टिकच्या डब्यात करायचं. डब्याच्या तळाला दोन भोकं, त्यातून दोन कांड्या वर काढून एम-सीलने पक्क्या करा, रात्रभर वाळू द्या. पाण्यात ग्लासाला एक चमचा या मापाने धुण्याचा सोडा विरघळवून ओता. दोन सारख्या टेस्ट ट्यूब याच पाण्याने काठोकाठ भरा, अंगठा लावून उलट्या करा आणि एकेका कांडीवर बसवा, आत हवेचा बुडबुडा राहू द्यायचा नाही. मग खालून बॅटरी जोडा.

शुद्ध पाणी घेतलंत तर जवळपास काहीच होणार नाही, त्यात आयनच नगण्य असतात, सोडा त्यासाठी. शाळेत याच कामाला विरल सल्फ्युरिक आम्ल वापरतात, घरी सोडा बरा.

ऋणाग्रावर हायड्रोजन, धनाग्रावर ऑक्सिजन, प्रमाण २ ला १. का तर वरच्या दोन समीकरणांत इलेक्ट्रॉन सारखे करून बघा, ४ इलेक्ट्रॉनमागे हायड्रोजनचे २ रेणू आणि ऑक्सिजनचा १. प्रत्यक्षात ऑक्सिजन निम्म्यापेक्षा थोडा कमीच भरतो. त्यात तुमचं काही बिघडलेलं नसतं. ऑक्सिजन हायड्रोजनपेक्षा पाण्यात जास्त विरघळतो, आणि वर धनाग्रावरचा कार्बन थोडा जळून कार्बन डायऑक्साइड होतो जो सोड्याच्या पाण्यात शोषला जातो. खाली काळी भुकटी पडलेली दिसेल, ती त्या कांडीचीच. जर्नलमधे २:१ असं सरळ खोटं लिहिण्यापेक्षा मिळालेला आकडा आणि हे कारण लिहा, चांगल्या सरांना ते जास्त आवडतं.

हायड्रोजनच्या ट्यूबच्या तोंडाशी पेटती काडी नेली की पॉप असा आवाज येतो, मोठ्यांसमोर करा, आणि टेस्ट ट्यूबएवढाच वायू. दोन्ही वायू एकाच बाटलीत साठवायचे नाहीत, ते मिश्रण ठिणगी पडली की फुटतं.

प्रयोग तिसरा: मिठाचं पाणी, तेही खिडकीत

अर्ध्या ग्लासात तीन चमचे मीठ, म्हणजे चांगलं दाट. परत जास्वंदीचा अर्क घालून बशीत. खिडकी उघडी ठेवा आणि दोन-तीन मिनिटांच्या वर चालवू नका.

ऋणाग्रापाशी तेच हिरवं, कारण सोडियम मॅग्नेशियमपेक्षाही हट्टी, परत पाणीच इलेक्ट्रॉन घेतं. पण धनाग्रापाशी गुलाबी टिकत नाही, रंगच उडून जातो, पाणी फिक्कं पडतं आणि स्विमिंग पूलचा वास येतो. क्लोरीन. दाट द्रावणात क्लोराइड आयन पाण्याच्या आधी इलेक्ट्रॉन सोडतो, खूप पातळ केलं तर मात्र ऑक्सिजन यायला लागतो. "मिठाचं संपृक्त द्रावण" असं पेपरात लिहिलेलं असतं ते उगीच नसतं, त्या शब्दावर उत्तर बदलतं. क्लोरीन विषारी आहे, वास आला की समजलं, नाक खुपसून हुंगू नका. उरलेल्या पाण्यात ब्लीच असतं, त्यात टॉयलेट क्लीनरसारखं कुठलंही ॲसिड पडू देऊ नका, अजून क्लोरीन सुटेल. इथे स्टीलचे चमचे कांड्या म्हणून वापरायचे नाहीत, धनाग्राचं स्टेनलेस स्टील विरघळून त्यातलं क्रोमियम पाण्यात उतरतं आणि त्याची काही रूपं चांगलीच विषारी असतात.

मग सोडियम मिळवायचाच असेल तर? हजेरीतून पाणीच काढून टाकायचं! इंग्लिश रसायनशास्त्रज्ञ हंफ्री डेव्हीने १८०७ मधे हेच केलं. आधी त्याने पोटॅशच्या (म्हणजे पोटॅशियम हायड्रॉक्साइडच्या) पाण्यातल्या द्रावणातून करंट सोडून बघितला, हायड्रोजन आणि ऑक्सिजनशिवाय हाती काही नाही. मग जेमतेम ओलसर पोटॅश घेऊन ते करंटनेच वितळवलं आणि ऋणाग्रावर चकचकीत थेंब आले, तोच पोटॅशियम. काही दिवसांत सोडियम, आणि पुढच्या वर्षी कॅल्शियम, मॅग्नेशियम, बेरियम, स्ट्रॉन्शियम. आजही सोडियम वितळलेल्या मिठातूनच काढतात.

प्रयोग चौथा: मोरचूद

मोरचूद विषारी आहे, स्वयंपाकाची भांडी वापरायची नाहीत, हात धुवायचे. काचेच्या बरणीत ग्लासभर पाणी आणि एक चमचा मोरचूद, निळंशार द्रावण होतं. हे दोनदा करा, एकदा पेन्सिलच्या कांड्यांनी, एकदा तांब्याच्या तारांनी (लाइटच्या फिटिंगच्या वायरचे तुकडे सोलून).

पेन्सिल वापरताना दोन सेल जोडा, म्हणजे ३ व्होल्ट. ऋणाग्रापाशी कॉपर आयन आणि पाणी, तांबं इलेक्ट्रॉन घ्यायला एकदम तयार, म्हणून शिसं लालसर होतं:

कॉपर आयन + २ इलेक्ट्रॉन → कॉपर

धनाग्रापाशी सल्फेट, पाणी आणि ग्रॅफाइट, त्यात पाणी नंबर लावतं, ऑक्सिजन. कॉपर बाहेर पडतंय आणि हायड्रोजन आयन आत येतायत, म्हणून निळा रंग हळूहळू फिका होतो आणि उरतं ते विरल सल्फ्युरिक आम्ल.

तांब्याच्या तारा लावल्या की खेळ बदलतो. धनाग्रापाशी आता स्वतः तांबं हजर आहे आणि ते पाण्यापेक्षा सहज इलेक्ट्रॉन सोडतं. तार विरघळते, तितकंच तांबं पलीकडे बसतं, निळा रंग आहे तसा राहतो, बुडबुडे जवळजवळ नाहीत. पाणी फोडायला निदान १.२३ व्होल्ट लागतात, प्रत्यक्षात त्याहून बरेच, पण इथे काहीच फोडायचं नाहीये, इकडचं तांबं तिकडे न्यायचंय, म्हणून एका सेलवर मस्त चालतं. तांबं शुद्ध करायची पद्धत हीच. जाड अशुद्ध तांबं धनाग्र, शुद्ध तांब्याचा पातळ पत्रा ऋणाग्र. लोखंड-जस्तासारखे धातू द्रावणात जातात पण ऋणाग्रावर बसत नाहीत, आणि सोनं-चांदी विरघळतच नाहीत, खाली गाळात पडतात. तो गाळ कारखान्यात जपून गोळा करतात हे सांगायला नको.

लोखंडी खिळ्यावर तांबं चढवायला जाऊ नका. बॅटरी न लावता नुसता बुडवला तरी खिळा लाल होतो, कारण लोखंड कॉपरला विस्थापित करतं, आणि तो थर बोटाने पुसला जातो. ऋणाग्रावर काळपट-तपकिरी भुकटी जमत असेल तर करंट जास्त झाला, तारा एकमेकींपासून लांब करा. हळू चढलेलं तांबं घट्ट बसलेलं आणि चमकदार असतं.

आकडेमोड

फॅरेडेने १८३०च्या दशकात दाखवलं की किती पदार्थ बाहेर पडेल हे फक्त किती विद्युतप्रभार गेला यावर ठरतं. पद्धत अशी: अँपिअर गुणिले सेकंद म्हणजे कूलोम. कूलोमला ९६५०० ने भागलं की इलेक्ट्रॉनचे मोल (मोल म्हणजे कण मोजायचं एकक). एका अणूला किंवा रेणूला किती इलेक्ट्रॉन लागतात त्याने भागा, पदार्थाचे मोल मिळतात. फॉर्म्युला पाठ करायची गरज नाही.

तांब्यासाठी, ०.१ अँपिअर एक तास. ०.१ × ३६०० = ३६० कूलोम. भागिले ९६५०० = ०.००३७३ मोल इलेक्ट्रॉन. कॉपरला २ लागतात, म्हणून ०.००१८७ मोल. कॉपरचा १ मोल ६३.५ ग्रॅमचा, म्हणून गुणिले ६३.५ म्हणजे साधारण ०.१२ ग्रॅम. सोनाराकडे असतो तसा छोटा डिजिटल काटा मिळाला तर आधी आणि नंतर तार (वाळवून) वजन करून पडताळता येतं.

वायूसाठी, ०.१ अँपिअर दहा मिनिटं म्हणजे ६० कूलोम, ०.०००६२ मोल इलेक्ट्रॉन, हायड्रोजनच्या रेणूला २ लागतात म्हणून ०.०००३१ मोल. खोलीच्या तापमानाला १ मोल वायू अंदाजे २४ लिटर धरा, म्हणजे सुमारे ७.५ मिलिलिटर हायड्रोजन आणि त्याच्या निम्मा ऑक्सिजन. पोरांचा गोंधळ दोनच ठिकाणी होतो, मिनिटांचे सेकंद करायचे राहतात आणि इलेक्ट्रॉनने भागायचं राहतं.

आता हेच जरा मोठं करून बघा. ॲल्युमिनिअमच्या आयनला ३ इलेक्ट्रॉन लागतात आणि १ मोल म्हणजे फक्त २७ ग्रॅम. १ किलोला ३७ मोल, १११ मोल इलेक्ट्रॉन, म्हणजे सुमारे १ कोटी ७ लाख कूलोम! ३६०० ने भागून अँपिअर-तास करा, साधारण २९८०. सेल चालतो सव्वाचार व्होल्टच्या आसपास, दोन्ही गुणून १००० ने भागलं की साडेबारा युनिट वीज, आणि थोडी वाया जाते म्हणून प्रत्यक्षात किलोमागे १३ ते १५ युनिट. कोल्हापूरच्या सड्यांवरचं बॉक्साइट (ॲल्युमिनिअमचं खनिज) बेळगावच्या कारखान्यात ॲल्युमिना (ॲल्युमिनिअम ऑक्साइड) करायला जातं, पण ॲल्युमिनापासून धातू करायचा तर आधी विजेची सोय बघावी लागते, ओडिशात नाल्को या सरकारी ॲल्युमिनिअम कंपनीने अंगुलला स्वतःचं वीजकेंद्रच उभं केलं ते याचसाठी. ॲल्युमिना वितळायला २००० अंशांच्या वर जावं लागतं, म्हणून ते वितळलेल्या क्रायोलाइट या खनिजात विरघळवतात, मग ९५० अंशांच्या आसपास भागतं. ही हॉल आणि हेरू यांची १८८६ची पद्धत. तिथे पण धनाग्राची हजेरी घ्या, ऑक्सिजन सुटतो आणि कार्बनची कांडीच खातो, म्हणून त्या कांड्या सारख्या बदलाव्या लागतात.

काहीच झालं नाही तर

बुडबुडे नाहीत? नव्वद टक्के वेळा क्लिप पेन्सिलच्या लाकडाला लागलेली असते, शिशाला नाही. नाहीतर शिसं आत तुटलंय, दुसरी पेन्सिल घ्या. सुरुवातीला चाललं आणि मग मंदावलं तर कांड्या हलवून बुडबुडे झटका, ते पृष्ठभाग झाकून टाकतात. ९ व्होल्टची बॅटरी पण लवकर दमते, सलग तासभर लावून ठेवायला ती नाहीच, मोजमापाला मोठे सेल घ्या. जास्वंदीच्या प्रयोगात पेन्सिलऐवजी ड्रॉइंग पिन वापरल्या तर धनाग्रावर गंज येतो, म्हणजे पाण्याच्या आधी लोखंडानेच इलेक्ट्रॉन सोडले.

आवरताना मोरचुदाचं पाणी बेसिनमधे ओतू नका, ते माशांना आणि पाण्यातल्या जिवांना घातक असतं. बरणीत लोखंडी खिळे किंवा भांडी घासायची लोखंडी जाळी (स्टेनलेसची नाही) टाकून दोन दिवस ठेवा, निळा रंग पूर्ण गेला आणि तळाला लाल गाळ बसला की पाण्यात तांबं फारसं उरलेलं नसतं. वरचं पाणी मग भरपूर पाण्यात मिसळून टाका, गाळ कागदात गुंडाळून सुक्या कचऱ्यात. मिठाच्या प्रयोगाचं पाणी खिडकीपाशी उघडं ठेवून दुसऱ्या दिवशी ओतलं तरी चालतं, पण बरणीवर लेबल लावा, घरात कुणीतरी उचलून झाडांना घालतं.